मानेच्या दुखापतीनंतर पुन्हा व्यायाम: झेला, रहाट आणि चुंबळीसकट

फिजिओकडे माझी चौथी फेरी होती. दिलेले व्यायाम मी एक दिवसही चुकवले नव्हते, वहीत खुणाही केल्या होत्या. तरी रोज सकाळी मान लाकडासारखी. बाईंनी वही चाळली, मान दोन्हीकडे वळवायला लावली आणि विचारलं, "बाकी दिवसभर काय करता?"

"विशेष काही नाही. शाळेला सुट्टी आहे. जरा आंबे काढतो."

"जरा म्हणजे किती?"

जरा म्हणजे सकाळी सात ते साडेदहा. हातात बारा फुटी झेला (आंबे उतरवायचा, टोकाला जाळी लावलेला बांबू) आणि नजर कलमाच्या शेंड्याला.

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. "मग माझे पंधरा मिनिटांचे व्यायाम कसले लिहिताय? आधी हे साडेतीन तास लिहा."

मी देवगड तालुक्यातल्या एका शाळेत पीटी शिकवतो. वीसेक वर्षं कबड्डी खेळलो. मार्चच्या शेवटी चिरेखाणीकडच्या रस्त्यावर लाल चुऱ्यात बाईक घसरली, हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं आणि झटका मानेला बसला. हाड मोडलं नव्हतं. स्नायू आणि बंध (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे तंतू) ताणले गेले होते आणि एका नसेला सूज आली होती. मी डॉक्टर नव्हे. पुढे जे लिहिलंय ते उपचार करणाऱ्यांनी शिकवलेलं आणि स्वतःच्या मानेवर करून पाहिलेलं आहे, थोडं चुकतमाकत. व्यायामावरचे लेख शहरातल्या माणसाला धरून लिहिलेले असतात: ऑफिस, जिम, घर. आपल्याकडे घरातच जिम असते, फक्त तिला कोणी जिम म्हणत नाही. मानेला मात्र डंबेल आणि भरलेली कळशी यांतला फरक कळत नाही.

आधी हे तपासा

मान लचकली, झटका बसला, एक्स-रे किंवा एमआरआय बघून डॉक्टरांनी "हालचाल सुरू करा" असं सांगितलं, अशांसाठी हा लेख आहे. मणका मोडलेला असेल किंवा मानेचं ऑपरेशन झालं असेल तर पायऱ्या साधारण याच, पण कुठल्या आठवड्यात कुठली पायरी हे तुमचे सर्जनच ठरवतील. त्यांच्या आधी एक दिवसही नाही.

आणि तपासणीच झाली नसेल तर? आपल्याकडे मान दुखावायच्या जागा ठरलेल्या आहेत: माड नाहीतर कलम, पावसाळ्यात शेवाळलेली घाटी (उतारावरची पायऱ्यांची वाट), विहिरीत किंवा खाडीत मारलेला सूर आणि दुचाकी. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ साली एक नियम मांडला, तो आता बऱ्याच देशांत वापरतात. शुद्धीवर असलेल्या जखमी माणसाचं वय ६५ किंवा जास्त असेल, तो मीटरभर उंचीवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडला असेल, सूर मारताना लागतो तसा डोक्यावर सरळ मार बसला असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर मान हलवून बघायची नाही, आधी एक्स-रेचा फोटो काढायचा. माड तर सोडाच, पडवीच्या कठड्यावरून पडलं तरी मीटर होतो.

झाडाखाली पडलेल्या माणसाला चार जणांनी हातपाय धरून उचलून रिक्षात कोंबायची आपली सवय फार वाईट. डोकं आहे त्याच स्थितीत दोन्ही हातांनी धरून ठेवा, १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत त्याला बसवू नका, पाणीही पाजू नका.

नंतरच्या दिवसांतही काही लक्षणं दिसली की व्यायाम थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, विळीवर बांगडा कापताना पकड सुटते. पाय जड वाटतात, चालताना तोल जातो. लघवी-शौचावर ताबा राहत नाही. मान पुढे वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं. दोन दिसतं, जीभ जड होते, गिळता येत नाही, किंवा मानेच्या एका बाजूला आधी कधी नव्हती अशी जोरदार कळ डोक्यापर्यंत चढते. ताप असेल किंवा कुठल्याच कुशीवर न थांबणारी रात्रीची दुखी असेल, तरीही दाखवून घ्या.

इथेच सलूनवाल्याचंही सांगून टाकतो. केस कापून झाले की मान कडकन मोडून देतात, ते कायमचं बंद करा. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर चढतात. झटक्याने त्यांना चीर गेली तर थेट पक्षाघात होऊ शकतो. दुखऱ्या मानेवर तर हा प्रयोग नकोच नको.

पहिले दिवस: पट्टा आणि चालणं

साध्या लचकीत मानेचा पट्टा फार दिवस वापरू नये, हे मला उशिरा कळलं. मला तो आठवडाभरच सांगितला होता. मी पाच आठवडे घातला, कारण त्यात सुरक्षित वाटायचं आणि पट्टा दिसला की कोणी काम सांगत नाही. पण आधार मिळाला की स्नायू काम सोडतात. पट्टा काढला तेव्हा भात उतू गेला म्हणून दचकून वळलो, तेवढ्यानेही मान भरली. आईने चुलीपुढूनच सुनावलं, "मान ऱ्हवली नाय तर डोक्या खंय ठेवतलस?" (मोडलेल्या हाडासाठी दिलेला कडक पट्टा ही वेगळी गोष्ट. तो डॉक्टर सांगतील तेव्हाच निघणार.)

पहिले दोन-तीन दिवस आराम. आराम म्हणजे दिवसभर खाटेवर पडणं नव्हे. घरात फिरा, हात मोकळे सोडा, शेक घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चालायला सुरुवात: आधी दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. सहन झालं तर दर दोन-तीन दिवसांनी पाच-पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत.

चालायला आपल्याकडे किनाऱ्याइतकी चांगली जागा नाही, पण ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर. सुक्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो, प्रत्येक पावलाला अंग हिसकतं आणि नकळत खांदे वर चढतात. वेळ काढायला आजोबांचा हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. झकास. अष्टमीला भरतीच सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, मग त्या दिवशी रस्ता धरा. आणखी एक: किनारा समुद्राकडे उतरता असतो, एका दिशेने चालताना एक पाय कायम खाली राहतो. जेवढं जाल तेवढंच त्याच वाळूवरून परत या, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं पडतं. मोबाइल खिशात. खाली बघत चालायचं असेल तर घरीच थांबलेलं बरं.

रोज सकाळी: पडवीतली परीक्षा

मान किती वळते हे मोजायला कोनमापक लागत नाही. निरोगी मान एका बाजूला साधारण ८० अंश वळते, म्हणजे हनुवटी जवळजवळ खांद्याच्या रेषेत येते. मी पडवीत रोज त्याच खुर्चीवर, त्याच जागी, पाठ टेकून बसायचो. खांदे न हलवता डावीकडे वळायचो: आधी खांब, मग तुळस, मग तुळशीमागचा गडगा, शेवटी गोठ्याचं दार. उजवीकडे पायरी, दगडी डोण, माड आणि विहिरीचा कठडा. पहिल्या आठवड्यात डावीकडे तुळशीपर्यंत जायचो, उजवीकडे पायरीच्या पुढे काही नाही. ही रोजची नोंद एका ओळीची: "डा. तुळस, उ. डोण, दुखणं ३."

दुखणं शून्य ते दहात मोजायचं. पुढची सगळी पायरी-पायरी याच ओळीवर चालते, म्हणून नियम नीट सांगतो. व्यायाम करताना दुखणं तीनपर्यंत गेलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळइतकंच किंवा कमी हवं आणि मान आदल्या दिवशी पोचली होती तिथवर पोचायला हवी. तसं झालं तर आदल्या दिवसाचं काम मानेने पचवलं. तुळशीवरून पुन्हा खांबावर आलात, तर काल जास्त झालं. काय जास्त झालं, ते वहीत बघायचं. संध्याकाळी हलकं वाटलं याला अर्थ नाही. गरम पाण्याने आंघोळ केली की कुणालाही हलकं वाटतं.

हातात उतरणाऱ्या मुंग्यांना मात्र तीनची सवलत नाही. मानेत मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. सहाव्या नसेची तक्रार बहुधा अंगठ्यात आणि तर्जनीत जाणवते, सातव्याची मधल्या बोटात, आठव्याची करंगळीत. व्यायामाने मुंग्या बोटांकडून वर, मानेकडे सरकत असतील तर चांगलं. मानेतून खाली बोटांकडे उतरत असतील तर तो व्यायाम त्याच क्षणी बंद.

हालचाल परत आणणं

साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, चालण्याच्या जोडीने. न्हाणीत गरम पाणी मानेवर आणि खांद्यांवर घेतल्यावर लगेच, तेव्हा स्नायू सैल असतात. ताठ बसून सावकाश डावीकडे, मध्ये, उजवीकडे, दहा वेळा. मग कान खांद्याकडे, खांदा वर न उचलता. मग हनुवटी छातीकडे. मागे वाकवणं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. जिथे ताण जाणवतो तिथे एक श्वास थांबायचं आणि परत यायचं. दिवसातून दोन-तीनदा.

मान गोल गोल फिरवू नका. शाळेत कवायतीत आम्हीच हे वर्षानुवर्षं मुलांकडून करून घेतलंय, त्याची आता लाज वाटते. दुखऱ्या मानेला वळणं, वाकणं आणि मागे जाणं एकदम झेपत नाही.

हनुवटीचा 'हो'

मी हा व्यायाम आठवडाभर चुकीचा केला, म्हणून इथे जरा थांबतो.

मान उभी धरायचं काम बाहेरच्या जाड स्नायूंचं आहे असं आपल्याला वाटतं. खरं काम मणक्यांना पुढून चिकटलेल्या पातळ, खोल स्नायूंचं असतं आणि दुखापतीनंतर तेच आधी सुस्तावतात. मग गळ्यापुढच्या दोन दोऱ्या (कानामागून गळ्याच्या खळीकडे तिरक्या उतरतात त्या) आणि खांद्यावरचे स्नायू त्यांचं काम ओढतात, दमतात आणि संध्याकाळी खांद्यावर दगड ठेवल्यासारखं होतं.

चटईवर उताणे झोपा, गुडघे वाकवून. डोक्याखाली पंचाची घडी, दोन-तीन सेंटीमीटर जाड, एवढीच की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील. आता डोकं न उचलता, अगदी थोडंसं "हो" म्हटल्यासारखी हनुवटी खाली घ्या. डोक्याची मागची बाजू पंचावरून टाळूच्या दिशेला केसभर घसरते, एवढीच हालचाल. दोन बोटं गळ्यावरच्या त्या दोऱ्यांवर ठेवा. त्या ताठरल्या तर जोर जास्त लागतोय, अर्धा करा. दात आवळू नका, जीभ सैल ठेवा. पाच सेकंद धरा, सोडा. पाच वेळांपासून सुरू करून दहा सेकंद, दहा वेळांपर्यंत जायला मला तीन आठवडे लागले.

मी पहिले सात दिवस डोकं उचलत होतो आणि घाम येतोय म्हणून खूश होतो. या व्यायामात घाम आला की समजावं, काहीतरी चुकतंय. फिजिओकडे मानेखाली ठेवायची हवेची छोटी पिशवी असते. ती पाऱ्याच्या २० मिलिमीटर दाबावर फुगवतात आणि हनुवटीच्या "हो" ने दोन-दोन करत ३० पर्यंत न्यायला लावतात. काटा थरथरतो तिथे तुमची हद्द. मी पहिल्या दिवशी २२ वर थरथरत होतो, वीस वर्षं कबड्डी खेळून.

हे जमलं की बसून ढकलायचे व्यायाम: तळवा कपाळाला, डोक्याने तळव्याला ढकलायचं, पण मान हलू द्यायची नाही. जोर आपल्या ताकदीच्या पाचव्या हिश्शाएवढा. पाच सेकंद, पाच वेळा, मग मागून, मग दोन्ही बाजूंनी.

खवाट्यांना (पाठीवरच्या खांद्याच्या पात्यांना) विसरू नका, मानेचं बरंचसं ओझं तेच वाहतात. सायकलची जुनी ट्यूब पडवीच्या खांबाला छातीच्या उंचीवर अडकवा, दोन्ही टोकं धरा आणि कोपरं अंगाला लावून मागे ओढा, खवाटे एकमेकांकडे आणत. खांदे कानाकडे चढू द्यायचे नाहीत. दहाचे दोन फेरे. मग भिंतीला हात लावून उभ्याने दंड. जमिनीवरचे दंड अजून नकोत.

घरातली जिम

आता मूळ मुद्दा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून व्यायाम वाढतो आणि नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, "बरा दिसतोस, जरा हात लाव." दोन्ही एकदम वाढलं की मान बसते. म्हणून वहीत व्यायामाच्या शेजारी दुसरा रकाना करा: आज वजन काय उचललं, वर किती वेळ बघितलं, किती किलोमीटर गाडीवर गेलो. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. या आठवड्यात ट्यूबचे फेरे वाढवले असतील तर कळशी तेवढीच. कळशी वाढवली तर ट्यूब तेवढीच.

झेला सगळ्यात वाईट, कारण तो वजनदार वाटत नाही. मान मागे गेली की नसा बाहेर पडायच्या वाटा अरुंद होतात. एखादी नस आधीच सुजलेली असेल तर वर बघितल्या बघितल्या हातात मुंग्या. त्यात लांब बांबू पुढे तोललेला, म्हणजे खांदे कायम ताणलेले. सुरुवातीचे सहा आठवडे झेला दुसऱ्याच्या हातात द्या, तुम्ही खाली आंबे वेचा, देठ बघा, पेटी भरा. परत धरायचा तेव्हा झाडाच्या बुंध्याशी उभं राहू नका, चार पावलं मागे या, म्हणजे नजरेचा कोन उतरतो. बाग उतारावर असेल तर वरच्या अंगाला उभे राहा. मान मोडून वर न बघता छाती उघडून, पाठीच्या वरच्या भागातून मागे झुका. आणि घड्याळ लावा: दहा मिनिटं झेला, दहा मिनिटं वेचणी. मजूर हसतील. माझ्यावर हसले, मग दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकाने विचारलं, ते हनुवटीचं काय करता.

पोफळी आणि माड चढणं यात मोडत नाही. मान पूर्ण बरी होईपर्यंत चढायचं नाही, त्यात मधला मार्ग नाही.

पेटीचं गणित करा. पाच डझनी पेटी, पाव किलोचं फळ धरलं तरी १५ किलो, लाकूड वेगळं. सुरुवात पाच किलोच्या आतून: अर्धी बादली पाणी, दोन नारळ. वजन पोटाशी धरून, दोन्ही हातांनी. एका हातात जड पिशवी घेतली की त्या बाजूचा खांदा खाली खेचला जातो आणि मान दुसरीकडे कलते. त्यापेक्षा दोन हातांत दोन हलक्या पिशव्या बऱ्या. चार-पाच दिवस सकाळची नोंद चांगली आली तर थोडं वाढवा. पूर्ण पेटीपर्यंत मला अडीच महिने लागले.

डोक्यावरून वाहणं हा आपल्याकडच्या बायकांचा प्रश्न, त्याबद्दल कोणी लिहीत नाही. चुंबळ ठेवून माशांची पाटी, गवताचा भारा, पाण्याची घागर. बारा लिटरची घागर म्हणजे बारा किलो पाणी, भांडं वेगळं, आणि डोक्याचं स्वतःचंच वजन साडेचार-पाच किलो. हे सगळं सरळ मानेच्या मणक्यांवर. ज्यांनी आयुष्यभर वाहिलंय त्यांच्या माना दणकट असतात हे खरं, पण दुखापतीनंतर ती दणकटी मोजून परत मिळवावी लागते. निदान तीन महिने डोक्यावर काही नको. पाटी दोघींनी कान धरून न्यावी, घागरीऐवजी दोन छोट्या कळशा कमरेवर आलटून पालटून. परत सुरू करताना आधी रिकामी पाटी, सपाट अंगणात. सुनेला किंवा मुलाला हे वाचून दाखवा, कारण "मी नाही उचलत" असं सासूने स्वतः म्हणणं आपल्या घरांत होत नाही.

रहाट त्यामानाने बरा. दोर डोक्यावरून हिसका देऊन न ओढता, छातीपासून पोटापर्यंत छोट्या ओढींनी, निम्मी बादली. मोटर असेल तर बटण दाबा, त्यात कसली मर्दुमकी.

गाडी: पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटचं वजन दीडेक किलो असतं आणि आपल्या रस्त्यांवर ते प्रत्येक खड्ड्यात उडी मारतं. म्हणून हेल्मेट काढून टाकायचं नाही, गाडीच बाहेर काढायची नाही. पडवीतल्या परीक्षेत दोन्हीकडे शेवटच्या खुणेपर्यंत पोचत नाही तोवर मागे वळून बघता येत नाही, आणि मागे बघता येत नाही तो दुचाकीवर नको. एसटीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली सीट, मागची उडते.

पोहणं, आसनं, जिम

सहा आठवड्यांनंतर, सकाळची नोंद सलग दहा दिवस स्थिर असेल तर.

पोहणं उताण्याने सुरू करा, मान तरंगते. छातीवरच्या पोहण्यात तोंड बाहेर ठेवलं तर मान सतत मागे राहते, आणि हातावारी पोहताना दर श्वासाला वळते, म्हणून ती नंतर. समुद्रापेक्षा संथ पाणी बरं. कंबरभर पाण्यातली फुटती लाट माणसाला डोक्यावर आपटू शकते. सूर मारणं संपलं असं समजा. विहिरीत पाणी किती आहे ते एप्रिलमध्ये कोणालाच ठाऊक नसतं.

सूर्यनमस्कार करा, पण मागे झुकताना नजर समोर. भुजंगासनात हनुवटी वर न नेता छाती उचला. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन यांत वजन थेट मानेवर येतं, ती नकोत. बरा झाल्यावरही मी शीर्षासनाकडे परत गेलो नाही. त्यातून मिळतं ते दुसऱ्या दहा गोष्टींतून मिळतं.

जिममध्ये जाणाऱ्यांनी आधीच्या वजनाच्या चौथ्या हिश्शापासून सुरुवात करावी. मानेमागे बार ठेवून बैठका, मानेमागून खाली खेचायची मशीन, डोक्यामागे हात गुंफून पोटाचे व्यायाम, श्वास कोंडून जड वजन: हे चार प्रकार बाजूला. बाकी बहुतेक चालतं.

कबड्डी

शाळेतल्या आणि मंडळांतल्या मुलांसाठी हा भाग. चढाईत एकटा, समोर सात. साखळीने (हातात हात धरलेल्या दोघांनी) पकडलं आणि वरून तिसरा कोसळला की मान चाबकासारखी झटकते. म्हणून इथे घाई सगळ्यात महाग. मैदानात पाय ठेवण्याआधी मान दोन्हीकडे पूर्ण आणि सारखी वळायला हवी, ढकलायच्या व्यायामात चारी बाजूंना जोर सारखा हवा, हातात मुंग्या नकोत आणि फिजिओचा होकार हवा. बंध भरायला सहा ते बारा आठवडे जातात, त्याआधी मान कितीही छान वाटो.

मग आठवडाभर नुसतं धावणं आणि पदलालित्य. पुढचा आठवडा रिकाम्या मैदानात चढाई, वळणं, रेषेपर्यंत झेप. त्यानंतर एकच पकडणारा, मॅटवर किंवा भुसभुशीत वाळूत, अर्ध्या जोराने. त्याच वेळी पडायला शिकायचं: हनुवटी छातीला, खांद्यावर घेऊन. शेवटी साखळी. प्रत्येक टप्प्यानंतर दुसऱ्या दिवशीची सकाळ बघायची. डोक्याला मार लागून क्षणभर गरगरलं, मळमळलं, स्कोअर आठवेना, तर मान ठीक असली तरी त्या दिवशी परत मैदान नाही. प्रशिक्षकाने कितीही पाठ थोपटली तरी नाही.

मान पुन्हा भरली तर

भरणारच, एक-दोनदा. अंथरुण धरू नका, पट्टाही शोधू नका. दोन पायऱ्या मागे या: चालणं, न्हाणीतली हालचाल, हनुवटीचा "हो". दोन-तीन दिवसांत पूर्वीच्या खुणेवर आलात की पुढे. आठवड्यात आला नाहीत किंवा सहा आठवडे नियमित करूनही वहीतली ओळ हलत नसेल, तर वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. वही बघून त्यांना पाच मिनिटांत जे कळतं ते "मधूनमधून दुखतं" एवढ्या सांगण्यावरून कळत नाही.

झोपताना एकच उशी, कुशीवर असाल तर खांदा आणि कान यांतली जागा भरेल एवढी. पोटावर झोपू नका, रात्रभर मान एका बाजूला वळलेली राहते.

माझी मान आता उजवीकडे विहिरीच्या कठड्यापर्यंत जाते, डावीकडे गोठ्याच्या दाराला किंचित कमी. या वर्षी झेला पुतण्याच्या हातात आहे आणि त्याची कुरकुर चालू आहे. चढाई करतो, साखळीत उतरत नाही. गावच्या सामन्यांना पंच म्हणून शिट्टी घेऊन उभा राहतो, आणि मान वळवून मैदानाच्या दोन्ही रेषा बघता येतात.